उजव्या कानाचं बेट

मास्तरांनी नोकरीच्या चौतीस वर्षांत सातही खंड शिकवले, पण जीव लावून शिकवलं ते एकच बेट. पाठ्यपुस्तकात त्या बेटाला अडीच ओळी होत्या आणि नकाशात टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. मास्तर त्या अडीच ओळींना चार तास देत. मग वाळवंटं उरत, ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने उरकली जात. मास्तरांच्या हाताखालून गेलेल्या मुलांना वाळवंटाची नीट माहिती नसायची, पण बेटावर सोडलं असतं तर डोळे मिटून घरी परतली असती, असं मास्तरांना वाटे.

बेट कानाच्या आकाराचं होतं. ही गोष्ट मास्तरांनीच शोधून काढली होती आणि शिकवण्याची सगळी मांडणी त्यांनी तिच्यावर उभी केली होती. "उजवा कान धरा," ते म्हणत. चाळीस हात चाळीस उजव्या कानांवर जात. वरून मागे वळलेली गोल कड म्हणजे पश्चिमेचे डोंगर, त्यांच्यावर वर्षावन. गालाकडची सरळ बाजू म्हणजे पूर्व, तिथे पांढऱ्या वाळूचा लांबच लांब किनारा. खालची पाळी म्हणजे दक्षिणेचं टोक, तिथे जुना किल्ला. एकदा तपासनीस वर्गात आले, तेव्हा सगळी मुलं कान धरून बसलेली. एवढ्या मुलांना एकदम शिक्षा करू नये, असा शेरा ते लिहून गेले. मुलं मास्तरांना मागून 'कानमास्तर' म्हणत. मास्तरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

नकाशाही त्यांचा स्वतःचा होता. शिक्षक होण्याचं शिक्षण घेत असताना तिथल्या ग्रंथालयात एक जाडजूड परदेशी नकाशासंग्रह होता. त्यात हे बेट पानभर छापलेलं होतं. पुस्तक घरी न्यायची परवानगी नव्हती. मास्तरांनी त्यावर बटर पेपर ठेवून बेटाची कड गिरवली, ठिपके दिले, ग्रंथपाल दिवे मालवू लागले तशी गुंडाळी काखेत मारली आणि नावं घरी जाऊन लिहिली. त्या बटर पेपरवरून पुढे त्यांनी कापडावर मोठा रंगीत नकाशा केला. कापड शाळेतच राहिलं. बटर पेपर मात्र निवृत्तीनंतर घरी आला आणि छत्रीच्या जुन्या म्यानात घालून कपाटावर ठेवला गेला.

तेच म्यान आता मास्तरांच्या खांद्याला लटकत होतं, कारण मास्तर सत्तरीत पहिल्यांदा बेटावर निघाले होते.

हे सगळं त्यांच्या लेकीने घडवून आणलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. वर्षभराची शिलकी रजा तिने एकत्र केली आणि आई, बाबा आणि स्वतःची नऊ वर्षांची मुलगी अशा चौघांची तिकिटं काढली. मुलीचं घरातलं नाव भिंगरी, कारण ती एका जागी बसत नसे. एका जागी बसायची ती फक्त आजोबांचा नकाशा उलगडला की. आजोबांकडून तिने तो इतक्यांदा ऐकला होता, की घरात कुणी 'किल्ला' म्हटलं तरी तिचा हात कानाच्या पाळीकडे जायचा. परतल्यावर ती वर्गात 'आजोबांचं बेट' या विषयावर बोलणार होती. बाईंनी तिला वीस मिनिटं दिली होती, आणि तिने त्यासाठी नवी कोरी वही घेतली होती.

मास्तरांनी निघताना एकच अट घातली. फोनमधला नकाशा कुणी उघडायचा नाही. लेकीने ती मान्य केली. खोली किनाऱ्यावर घ्यायची असं ठरलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, की तिथून सूर्योदय दिसतो का ते एकदा हॉटेलवाल्यांना विचारून घेऊ. पूर्व किनाऱ्यावरून सूर्योदय दिसतो का हे हॉटेलवाल्यांना कशाला विचारायचं, ते मला विचार, असं मास्तर म्हणाले आणि विषय तिथेच संपला.

बेटावर उतरले ती संध्याकाळ ढगाळ होती. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मास्तरांनी सगळ्यांना उठवून वाळूवर नेलं. समुद्राकडे तोंड करून ओळीने बसवलं. स्वतः पुढे उभे राहिले, हातात छडीऐवजी छत्री. सूर्य सहा वाजून चार मिनिटांनी पाण्यातून वर येईल, आधी एक लाल रेघ दिसेल, मग तांब्याच्या ताटाची कड, असं त्यांनी सांगून ठेवलं. भिंगरीने वही मांडीवर घेतली.

सहा वाजून चार मिनिटं झाली. समुद्र राखी रंगाचा होता. सहा दहा झाले. मास्तरांनी क्षितिजावर धुकं असल्याचं सांगितलं. सव्वासहाला उजेड बराच वाढला, पण तो नेमका कुठून येतोय ते कळेना, किंवा मास्तरांना कळून घ्यायचं नव्हतं. मग सहा वाजून वीस मिनिटांनी चौघांच्या पुढ्यात वाळूवर चार लांब सावल्या पडल्या. त्या सरळ पाण्यापर्यंत गेल्या. मास्तरांच्या सावलीची छत्री लाटेत भिजत होती.

"अहो," मास्तरांची बायको म्हणाली, "माझी पाठ तापली."

ती पंचेचाळीस वर्षं त्यांच्याबरोबर संसार करत होती आणि यापलीकडे काही बोलायची तिला गरज नव्हती. मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही. वळायची गरजच नव्हती. चूक त्यांच्या टाळूतून शिरून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचली होती. पूर्व मागे होती. डोंगर पूर्वेला होते आणि किनारा पश्चिमेला. अख्खं बेट उलटं होतं. पण बेट उलटं कसं असेल? लाखो वर्षं ते जागचं हललं नव्हतं.

चूक कळायला मास्तरांना सोळा मिनिटं लागली. कबूल करायला मात्र ते अजून तयार नव्हते. चौतीस तुकड्या, प्रत्येक तुकडीत चाळीस उजवे कान, हा गुणाकार त्यांच्या डोक्यात आपोआप झाला. एक हजार तीनशे साठ.

"किनारा इथे जरा वळलाय," ते म्हणाले. "नकाशा लहान असला की असे बारीक बाक त्यात येत नाहीत."

भिंगरीने एकदा मागे पाहिलं, एकदा पुढे पाहिलं आणि वहीत काहीतरी काढायला लागली.

नाश्त्यानंतर धबधब्याला जायचं होतं. हॉटेलच्या मागूनच जंगल सुरू होत होतं. अशी झाडं मास्तरांनी आयुष्यभर नुसती फळ्यावर काढली होती, खडूच्या दोन रेघांत. इथे एकेका बुंध्याला चौघांनी कवेत घ्यावं लागलं असतं. वेली दोरखंडासारख्या लोंबत होत्या, पानं सुपाएवढी होती आणि त्यांच्यावरून सारखं पाणी ठिबकत होतं. भिंगरी एका पानाखाली उभी राहिली तर दिसेनाशी झाली. मास्तरांचं मन भरून आलं आणि त्या भरात ते सकाळचं सगळं विसरले. वर्षावनाचे चार मजले त्यांनी बोटाने दाखवले, आणि चारही मजले खरोखरच होते. निदान एवढं तरी आपण बरोबर शिकवलं, असं त्यांच्या मनात आलं.

पुढे वाट दोन ठिकाणी फुटली. तिथे लाकडी पाटी होती. धबधब्याचा बाण डावीकडे होता. मास्तरांनी म्यानातून बटर पेपर काढला, समुद्राकडे पाठ केली, धबधबा उत्तरेला म्हणजे उजव्या हाताला असल्याचं सगळ्यांना पटवून दिलं आणि कुणीतरी खोडसाळपणे पाटी फिरवली असावी असं सांगितलं. समुद्राकडे पाठ केली की उत्तर कुठल्या हाताला येते, हे कबूल करायचं तर किनाऱ्यावरची सगळी गोष्ट कबूल करावी लागली असती. म्हणून ते उजवीकडे चालू लागले. माणूस एकदा खोटं बोलला की त्याला पायपीट पडते, ही गोष्ट ते मुलांना नेहमी सांगत.

पाऊण तास चालल्यावर झाडीतून घरघर ऐकू आली. मास्तर थांबले, हात वर केला.

"ऐका. धबधब्याचा आवाज आधी पायांना जाणवतो."

सगळ्यांच्या पायांना जाणवला. दहा पावलांवर झाडी संपली आणि समोर दोऱ्यांवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी दिसल्या, रांगेने साठ-सत्तर तरी. मागच्या पत्र्याच्या खोलीत कपडे धुण्याची तीन मोठी यंत्रं एकदम फिरत होती. ती त्यांच्याच हॉटेलची धुलाईची जागा होती. चादरींना चिमटे लावणारी बाई मोकळ्या मनाची होती. धबधबा अगदी दुसऱ्या टोकाला आहे, तिने सांगितलं. इकडे चुकून येतात माणसं, पण ती फोनमध्ये बघत बघत येतात. हातात कागद घेऊन इथवर आलेले तुम्हीच पहिले.

मास्तरांची बायको एका चादरीला हात लावून चांगली निघाली आहे असं म्हणाली. लेक चादरीआड गेली. तिचे खांदे हलताना मास्तरांना दिसले. भिंगरी मात्र हसली नाही. ती यंत्रांकडे, मग मागच्या वाटेकडे आणि मग नकाशाकडे कपाळाला आठ्या घालून बघत राहिली.

दुपारी किल्ला. निदान किल्ला दक्षिणेला होता, आणि दक्षिण काही इकडची तिकडे होत नाही, या विचाराने मास्तरांना जरा धीर आला. किल्ला दाखवायला तिथलीच एक मध्यमवयीन बाई होती, डोक्यावर मोठी टोपी, आवाज खणखणीत. तिने काळ्या दगडांचा तट दाखवला, पाण्याचं टाकं दाखवलं, बुरुजावरच्या सात तोफा दाखवल्या. मास्तरांना राहवलं नाही. दररोज सकाळी सूर्य या तोफांच्या तोंडात उगवतो, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेले. हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षं वर्गात म्हटलं होतं आणि प्रत्येक वेळी मुलं शांत झाली होती.

गाइडबाईने नम्रपणे सांगितलं, की तोफा पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सूर्य त्यांच्यासमोर मावळतो. फोटोसाठी ती वेळ फार छान, आजोबांनी सहा वाजता जरूर यावं.

तेवढ्यात पाऊस आला. सगळे पहारेकऱ्यांच्या जुन्या खोलीत शिरले. आणि त्या खोलीच्या भिंतीवर, दाराच्या अगदी समोर, पितळी पत्र्यावर कोरलेला बेटाचा नकाशा होता. पुरुषभर उंच. डोंगराची गोल कड उजवीकडे, किनारा डावीकडे. तो डावा कान होता, अगदी सरळसरळ डावा.

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. असा डावा कान त्यांनी पूर्वी एकदा पाहिला होता. वीस वर्षांपूर्वी एका दिनदर्शिकेत हे बेट छापून आलं होतं, आणि मास्तरांनी त्या छापखान्याला दोन पानी पत्र लिहिलं होतं, की आपण नकाशा उलटा छापला आहे, विद्यार्थ्यांची दिशाभूल होते. उत्तर आलं नाही. त्या मौनाचा अर्थ मास्तरांनी छापखान्याला लाज वाटली असा घेतला होता. आता त्यांना वाटलं, ती माणसं चांगली होती. एका मास्तराला बोलायचं टाळलं बिचाऱ्यांनी.

तरीसुद्धा त्यांचं तोंड उघडलंच. "कोरताना उलटा झालेला दिसतो," ते म्हणाले.

गाइडबाई चहा घ्यायला गेली. मास्तर खिडकीच्या दगडी बाकावर भिंगरीशेजारी जाऊन बसले. ती वहीत डोकं खुपसून खोडरबर घासत होती. इतक्या जोराने, की कागदाच्या वळ्या होऊन तिच्या फ्रॉकवर पडत होत्या.

मास्तरांनी वाकून पाहिलं. सकाळचं चित्र होतं. समुद्र, वाळू, ओळीने बसलेली माणसं, एक छत्रीवाला. चार सावल्या पाण्याकडे गेलेल्या, आणि मागे डोंगरावर सूर्य. नऊ वर्षांच्या हाताला जमेल तितकं चित्र अचूक होतं. सावल्यांची दिशासुद्धा बरोबर होती, जी मास्तरांच्या वर्गात सातवीतल्या मुलांनाही जमत नसे. त्यातला सूर्य आता अर्धा खोडला गेला होता.

"काय खोडतेस?" त्यांनी विचारलं.

"सूर्य. चुकीच्या बाजूला काढला मी."

"तू कुठे पाहिलास?"

"मागे. पण तुमच्या नकाशात तो पुढे येतो."

"मग?"

"मग माझंच चुकलं असणार." तिने खोडरबर फुंकलं. "मला दिशा कळत नाहीत वाटतं, आजोबा. धबधब्यालाही मला डावीकडे वाटलं होतं. वर्गात मी बेटाचं नको बोलायला. दुसरं काहीतरी घेते."

मास्तरांचा हात नकळत तिच्या खोडरबरावर गेला आणि त्यांनी तो तिथेच दाबून धरला. वर्गात मुलांची उत्तरं चुकली तर त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. चुकलेलं दुरुस्त करता येतं, त्यासाठीच तर शाळा असते. पण स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहिलेलं एखादं मूल आपल्या शब्दाखातर खोडून टाकतंय, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. पहिल्यांदा की पहिल्यांदाच लक्षात आलं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"थांब," ते म्हणाले. "तुझं बरोबर आहे. सूर्य मागेच होता. धबधबाही डावीकडेच होता. पाटी कुणी फिरवली नव्हती." त्यांनी म्यान तिच्यासमोर ठेवलं. "माझा नकाशा उलटा आहे. मला सकाळीच कळलं होतं. मी दिवसभर थापा मारल्या."

भिंगरीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू किल्ल्याची भिंतच बोलली. "सगळा उलटा?"

"सगळा."

"आणि पितळेचा?"

"तो बरोबर आहे."

मग लेक बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली.

"बाबा, मी सहावीत असताना हे बेट काढलं होतं, आठवतं? वाचनालयातल्या पुस्तकात बघून. तुम्ही अर्धा गुण कापलात. लाल शाईने लिहिलंत, 'नक्कल करतानाही लक्ष नाही.'"

मास्तरांना आठवलं. त्यांना ती गोष्ट अभिमानाने आठवत असे. स्वतःच्या मुलीलाही सूट दिली नाही, नियम म्हणजे नियम, असं ते शिक्षकांच्या खोलीत सांगत.

"तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"तेव्हा मला वाटलं माझंच चुकलं. खोडून उजवा कान काढला. कॉलेजात गेल्यावर कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या वर्गात कोण बोलणार होतं?" ती म्हणाली, पण हसत म्हणाली. "इथे आल्यावर समुद्रच सांगेल असं वाटलं. माझ्यापेक्षा तुम्ही त्याचं ऐकाल. तर तुम्ही त्यालासुद्धा वळलेला ठरवलंत."

मास्तरांच्या बायकोने आपण सकाळीच सांगितलं होतं, पाठ तापली म्हणून, याची आठवण करून दिली.

भिंगरीने मात्र काम सुरू केलं होतं. तिने म्यानातून बटर पेपर काढला, पितळी नकाशासमोर धरला आणि या बाजूने, त्या बाजूने फिरवून पाहिला. पाऊस थांबत आला होता. खिडकीतून ऊन आत आलं तसा तिने कागद पालथा करून उजेडात धरला. पातळ कागदातून रेघा आरपार दिसल्या. डोंगर उजवीकडे, किनारा डावीकडे, पाळी खाली. ठिपका न् ठिपका पितळेशी जुळला. फक्त मास्तरांच्या सुंदर अक्षरातली नावं उलटी झाली होती.

"आजोबा, तुम्ही गिरवलाय बरोबर," ती म्हणाली. "नावं मागच्या बाजूला लिहिलीत."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर ग्रंथपाल दिवे मालवताना दिसले, काखेतली गुंडाळी दिसली, घरी जाऊन घाईने उलगडलेला कागद दिसला. तो पालथा आहे हे बघायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. तेव्हाही नाही आणि नंतरच्या पन्नास वर्षांतही नाही. आणि वर्गात ते काय सांगत आले होते? कागद घेतलात की आधी वरची बाजू कोणती ते पाहा.

त्यांनी खिशातून पेन काढलं. भिंगरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, 'इयत्ता सहावी, भूगोल, अर्धा गुण परत', खाली सही केली, तारीख घातली आणि पान फाडून लेकीच्या हातात ठेवलं. लेकीने ते वाचलं, नीट चौघडी केली आणि पर्समध्ये औषधाच्या पाकिटाशेजारी ठेवलं. पर्सची चेन तिला दोन वेळा ओढावी लागली.

संध्याकाळी ते पुन्हा सकाळच्याच जागी वाळूवर बसले. भिंगरीने हुकूम सोडला होता, की आजोबांनी आज पाहिलेलं बेट पुन्हा काढायचं, नकाशात न बघता. मास्तर गुडघ्यावर वही घेऊन काढत होते. डोंगर पूर्वेला काढताना हात पश्चिमेकडे जात होता. पन्नास वर्षांची सवय होती, ती एका दुपारीत जाणार नव्हती. दोनदा त्यांना खोडावं लागलं, आणि मधूनमधून ते स्वतःचा डावा कान चाचपून बघत होते. समोर सूर्य पाण्याला टेकला होता. आधी लाल रेघ, मग तांब्याच्या ताटाची कड, सगळं त्यांनी सांगितल्याबरहुकूम, फक्त उलट्या क्रमाने आणि बारा तास उशिरा.

"आता डोळ्यांवर येतंय," मास्तरांची बायको म्हणाली आणि पदर कपाळावर ओढून घेतला.

भिंगरीने वही घेतली, आजोबांचंच लाल पेन घेतलं आणि आजोबांसारखीच भुवई वर करून तपासायला लागली. किनाऱ्यावर बरोबरची खूण. डोंगरावर बरोबरची खूण. किल्ल्यापाशी ती थबकली, पण तोफांची तोंडं बघून तिथेही खूण केली. हॉटेलच्या मागे तिचं पेन थांबलं.

"धुलाईची जागा नाही दाखवली."

"ती नकाशात कशाला?"

"आपण तिथे गेलो होतो ना? पाहिलेलं सगळं दाखवायचं, असं तुम्हीच शिकवता." तिने आकडा लिहिला आणि खाली रेघ मारली. "दहापैकी साडेनऊ."

मास्तरांनी वही उलटसुलट करून पाहिली. मग अगदी पहिल्या बाकावरच्या मुलासारखा चेहरा करून म्हणाले, "अर्धाच तर आहे. देऊन टाक की."

भिंगरीने पेनाचं टोपण लावलं. "नियम म्हणजे नियम," ती म्हणाली.

पाठीमागे लेक इतकी हसली, की पाण्याच्या कडेने चाललेली दोन माणसं वळून बघायला लागली. मास्तरांनी वहीवर वाकून हॉटेलच्या मागे, जंगलाच्या कडेला, एक दोरी काढली आणि तिच्यावर एकेक करून चादरी वाळत घालायला सुरुवात केली.